चिनी वैद्य आणि सासूबाई एकच सांगतात, म्हणून ते खरं?

पत्राचा गोषवारा : सिंगापूरहून एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. वय ३७, माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरकडचं, नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. मुलगा चार वर्षांचा. २०२१च्या मे महिन्यात सिझेरियन झालं तेव्हा भारतातून येणाऱ्यांना सिंगापूरमध्ये प्रवेश बंद होता, त्यामुळे आई किंवा सासूबाई कुणीच पोचू शकलं नाही. तिसऱ्या दिवशी केस धुतले, एसीत झोपले, फ्रिजमधलं पाणी प्यायले, असं त्यांनीच लिहिलं आहे. दुसऱ्या बाळासाठी दोन वर्षं प्रयत्न चालू आहेत, दिवस राहत नाहीत. ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने तिच्या ओळखीच्या पारंपरिक चिनी वैद्यांकडे नेलं. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी आणि जीभ पाहून सांगितलं की बाळंतपणानंतरचा महिना नीट पाळला नाही, गर्भाशयात थंडी शिरली आहे आणि जुनं रक्त साचलं आहे. सहा महिने औषधाच्या पुड्या आणि सुया (ॲक्युपंक्चर) घ्या, तोवर आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं, नाव काढू नका. सासूबाईही फोनवर हेच ऐकवतात की सव्वा महिना काढला नाहीस त्याचे हे परिणाम, आणि ओळखीच्या वैद्यांचं चूर्ण पाठवते म्हणतात. नवऱ्याच्या मते सगळंच थोतांड. आजवर एएमएच (अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ही एकच तपासणी झाली आहे आणि आकडा कमी आला आहे. पत्राच्या शेवटी एक ओझरता उल्लेख आहे: सिझेरियननंतर पाळी संपली तरी चार-पाच दिवस तपकिरी डाग पडत राहतात. त्यांचा प्रश्न असा : 'ताई, दोन वेगळ्या देशांतली माणसं एकच सांगतात, म्हणजे चूक माझीच ना? पुड्या चालू ठेवू की डॉक्टरांकडे जाऊ?'

*

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहेस. ते तपकिरी डाग. त्यांच्यावर मी येणार आहे आणि सविस्तर येणार आहे. पण तू विचारलंयस 'चूक माझीच ना', आणि ते तसंच ठेवून पुढे गेले तर बाकीचं काहीच तुझ्यापर्यंत पोचणार नाही. (ताई म्हणालीस, म्हणून सरळ एकेरीवर आलेय.)

सिंगापूरचे वैद्य आणि कोल्हापूरच्या सासूबाई एकमेकांना ओळखत नाहीत, तरी एकच गोष्ट सांगतात, मग ती खरीच असणार. वरवर बिनतोड वाटतं खरं. पण त्यांचं एकमत नक्की कशावर आहे? बाळंतिणीला ऊब हवी, निजायला मिळायला हवं, तिच्या पोटात गरम पडावं, तिला वारं लागू नये, यावर. त्यात ते दोघंच नाहीत. तुझ्याच इमारतीतल्या मलय घरांत ४४ दिवसांचं 'पांतांग' पाळत असतील. कोरियात बाळंतिणीला रोज समुद्री शेवाळाचं सूप पाजतात. सगळीकडे अडचण तीच होती. बाळंतपणात रक्त जायचं, ताप यायचा आणि बायका त्यातच जायच्या. प्रतिजैविकं नव्हती, रक्त चढवायची सोय नव्हती. हाताशी होतं काय, तर शेगडी, तेल, आलं आणि चार दिवस कामातून सुटका. त्यातून जे नियम तयार झाले ते एकसारखे निघाले यात नवल नाही.

ते नियम त्या महिन्यात ती बाई जगावी म्हणून होते. चार वर्षांनी दिवस का राहत नाहीत हा अगदी वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या महिन्यात शोधायला तसा काहीच आधार नाही. अमेरिकेत बाळंतिणीच्या हातात हॉस्पिटलातच बर्फाच्या पाण्याचा पेला देतात. तिथे दुसरी मुलं होतच नाहीत असं काही ऐकिवात नाही. केस धुतल्याने किंवा एसीने बीजनलिका बंद होत नाहीत आणि गर्भाशय थंडही पडत नाही. शरीराच्या आतलं तापमान फ्रिजमधल्या पाण्याने बदलत नाही.

आणि तुला मदत मिळाली नाही यात तुझी काय चूक होती, हे मला अजून कळलेलं नाही. टाके असलेली बाई, पहिलं मूल, परका देश, बाहेर साथ. केस धुतलेस, बरं वाटलं असेल. बरंच केलंस.

आता वैद्यांची बाजूही नीट मांडते, कारण ते तुला फसवत आहेत असं मला वाटत नाही. चिनी परंपरेत बाळंतपणानंतरच्या महिन्याला 'महिना बसणं' म्हणतात आणि सिंगापूरमध्ये आजही तो जोरात चालतो. त्यासाठी खास बाई ठेवतात. त्यातल्या पुष्कळ मलेशियाहून येतात, आणि सरकार त्यांना बाळाच्या जन्मापासून १६ आठवड्यांपर्यंतचा कामाचा परवाना देतं. काळ्या तिळाच्या तेलात परतलेलं आलं आणि तांदळाची दारू घातलेली कोंबडी, सुक्या लाल बोरांचं उकळलेलं पाणी, काळ्या व्हिनेगरमध्ये आलं आणि अंडी घालून तासन् तास शिजवलेले डुकराचे पाय. आपल्याकडची अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि धुरी यांची आठवण होते की नाही? त्यामागचा विचार असा की प्रसूतीत रक्त आणि 'ची' म्हणजे प्राणशक्ती दोन्ही खर्ची पडतात, शरीर रितं आणि थंड होतं, आणि अशा वेळी बाहेरचा गारवा आत ठाण मांडतो. म्हणून आधी गर्भाशयातलं उरलेलं रक्त बाहेर काढायचं आणि मग शरीर भरून आणायचं.

सतराव्या शतकात शान्शी प्रांतात फू छिंगजू नावाचे वैद्य होऊन गेले (१६०७ ते १६८४). चित्रकार आणि सुलेखनकारही होते. त्यांच्या नावावरचा स्त्रीरोगांचा ग्रंथ त्यांच्यामागे बऱ्याच काळाने, १८२७ मध्ये छापला गेला. 'शंगहुआ थांग' हा बाळंतिणीचा काढा आज त्यांच्याच नावाशी जोडला जातो. त्यात डांग्ग्वेइ आणि च्वानश्योंग या गाजर-कोथिंबिरीच्या कुळातल्या दोन मुळ्या, पीचच्या बियांतला गर, भाजलेली सुंठ आणि ज्येष्ठमध. हा काढा थोडेच दिवस द्यायचा असतो, अंगावरून जाणारं नीट जावं म्हणून.

वंध्यत्वाचं त्यांचं गणितही याच चौकटीत बसतं. जननाची मूळ शक्ती 'मूत्रपिंडात' असते, असं ते मानतात. इथे एक सांगून ठेवते, कारण हे ऐकून बायका रडत घरी जातात: वैद्यांनी 'तुमचं मूत्रपिंड कमजोर आहे' म्हटलं तर त्याचा सोनोग्राफीत दिसणाऱ्या मूत्रपिंडाशी संबंध नसतो. ती त्यांच्या शास्त्रातली कल्पना आहे. त्याचप्रमाणे गर्भाशयाची थंडी, साचलेलं रक्त, ताणामुळे अडकलेली यकृताची 'ची', अंगातला कफ आणि ओलावा. त्या चौकटीच्या आत सगळं एकमेकांशी जुळतं. शिवाय ते वेळ देतात. झोप कशी, पाय गार पडतात का, पाळीच्या रक्ताचा रंग कसा, गाठी पडतात का, शौचाला कसं होतं. असं सगळं शेवटचं कधी, कोणत्या डॉक्टरांनी विचारलं होतं तुला? त्यांनी डागांबद्दलही विचारलं आणि ते मनावर घेतलं, म्हणाले जुनं रक्त साचलंय.

आता त्या डागांकडे येऊ.

सिझेरियनमध्ये गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतात. बहुतेकींचा तो व्यवस्थित भरून येतो. काहींचा आतल्या बाजूने पुरता भरत नाही आणि तिथे एक खोलगट खळगा राहतो. डॉक्टर त्याला 'निश' किंवा 'इस्थमोसील' म्हणतात. पाळीचं रक्त त्या खळग्यात थांबतं आणि पाळी संपल्यावर थोडं थोडं खाली येत राहतं. तोवर ते जुनं झालेलं असतं, म्हणून तपकिरी. सिझेरियननंतर सुरू झालेले, पाळीपाठोपाठ रेंगाळणारे तपकिरी डाग हे त्याचं अगदी ठरलेलं लक्षण. काही बायकांत त्या खळग्यातला द्राव वर गर्भाशयाच्या पोकळीत झिरपतो आणि गर्भ रुजायला अडथळा होतो.

मी पत्रावरून निदान करत नाही. असा खळगा असूनही सहज दिवस राहिलेल्या पुष्कळ जणी असतात. डाग पॉलिपमुळे असू शकतात, थायरॉइडमुळे, गर्भाशयमुखाच्या तक्रारीमुळे किंवा बीज नीट न सुटल्यामुळेही. पण हे बघायचं कसं ते माहीत आहे: योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, आणि गरज पडली तर गर्भाशयात थोडं सलाइन सोडून पुन्हा तीच. खळगा सापडला आणि त्रासाचं मूळ तोच आहे असं वाटलं, तर तिथली उरलेली भिंत किती जाड आहे त्यावर उपाय ठरतो. पुरेशी जाड असेल तर गर्भाशयात दुर्बीण घालून, पातळ असेल तर पोटाच्या बाजूने लॅप्रोस्कोपीने. आणि अधेमधे दिवस राहिलेच, तर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करायचीच, गर्भ जुन्या व्रणावर रुजलेला नाही ना हे पाहायला. हे सिझेरियन झालेल्या प्रत्येकीने लक्षात ठेवावं.

म्हणजे खूण वैद्यांनीही तीच पाहिली. त्यांच्या हाती ती बघायचं यंत्र नाही आणि त्यावर त्यांनी सहा महिने मागितले आहेत. माझा सगळा आक्षेप या सहा महिन्यांना आहे. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, आणि पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की तपासणी करायची, असा आधुनिक वैद्यकातला साधा संकेत आहे. तू सदतीस, आणि तुमची दोन वर्षं गेलेली. एक मूल झालंय म्हणजे दुसरं होणारच, या भरवशावर ती गेली. दुसऱ्या खेपेच्या वंध्यत्वात हे फार होतं. घरचे म्हणतात 'एक झालंय ना, होईल', डॉक्टरही कधी कधी तेच म्हणतात, आणि बाई गप्प बसते, कारण एक असताना दुसऱ्यासाठी रडणं तिला स्वतःलाच कृतघ्नपणाचं वाटतं.

तुझ्या तपासण्या एक-दोन पाळीचक्रांत उरकतात. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं अगदी नेहमीचं आहे आणि ते वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत एफएसएच, म्हणजे बीज वाढवणारं संप्रेरक. बीज सुटतंय का हे पाहायला पाळी येण्याच्या साधारण आठवडाभर आधी प्रोजेस्टेरॉन. बीजनलिका मोकळ्या आहेत का हे पाहायला एचएसजी (गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे), पाळी थांबल्यावर आणि बीज सुटण्याच्या आधी. डॉक्टरांना आवर्जून सांग की तू भारतात वाढली आहेस. जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्याकडे नलिका बंद होण्याचं मोठं कारण आहे, तो गुपचूप असतो, आणि सिंगापुरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात तो चटकन येईलच असं नाही. आधी एक मूल झालंय म्हणून तो नसेलच असंही नाही. बाळंतपणात किंवा नंतर कधी क्युरेटिंग झालं असेल तर तेही सांग, त्याने गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना चिकटू शकतात.

एएमएचच्या आकड्याने तू घाबरली आहेस, ते मात्र सोड. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देतील, याचा अंदाज त्यावरून येतो. या महिन्यात आपोआप दिवस राहतील का, हे तो सांगत नाही. दरमहा एकच बीज लागतं.

मग सुया आणि पुड्यांचं काय? चिनी वैद्यकाला कुणी तपासलंच नाही असं नाही. खुद्द चीनमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. पीसीओएस (बीज नियमित न सुटण्याचा एक विकार) असलेल्या १,००० बायकांवर चीनमधल्या २१ ठिकाणी झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. बीज सुटण्याची क्लोमिफेन ही गोळी घेणाऱ्यांत, खऱ्या सुया टोचल्या त्यांच्यापैकी २९.४ टक्के बायकांना मूल झालं आणि नावापुरत्या टोचल्या त्यांच्यापैकी २८ टक्के बायकांना. गोळीच्या जागी लटकी गोळी दिली त्या गटांत हेच प्रमाण १३.९ आणि १६.८ टक्के होतं. म्हणजे फरक गोळीने पडला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८४८ आयव्हीएफ करणाऱ्या बायकांची चाचणी आली: खऱ्या सुया टोचल्या त्यांच्यापैकी १८.३ टक्के बायकांना मूल झालं, नावापुरत्या टोचल्या त्यांच्यापैकी १७.८ टक्के बायकांना. तिथेही हाती काही लागलं नाही. चिनी वैद्य यावर म्हणतात की नावापुरती टोचलेली सुईही काहीतरी करतच असेल, आणि सगळ्यांना एकाच साच्यात टोचणं हे आमचं शास्त्रच नव्हे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यावर सहा महिने पणाला लावावेत एवढं नाही. काढ्यांवरचे अभ्यास ढीगभर आहेत, बहुतेक छोटे आणि ढिसाळ. प्रत्येकात औषधांचं मिश्रण वेगळं, त्यामुळे हाताला ठोस काही लागत नाही.

सुयांनी तुला झोप चांगली लागते, मन शांत होतं, असं असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून खुशाल घे. सिंगापूरमध्ये २०००च्या कायद्याने पारंपरिक चिनी वैद्यांना नोंदणी सक्तीची आहे आणि नाव मंडळाच्या यादीत पाहता येतं. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल त्या पंधरवड्यात त्यांना तसं सांगायचं. घोट्याच्या आतल्या बाजूचे आणि ओटीपोटावरचे काही बिंदू त्यांच्याच शास्त्रात गरोदरपणी वर्ज्य आहेत.

पुड्यांबद्दल मी जास्त कडक आहे. त्यात काय आहे ते कागदावर लिहून माग, चिनी आणि शास्त्रीय दोन्ही नावांनी. लिहून देत नसतील तर घेऊ नकोस. डांग्ग्वेइने रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढतो, आणि आयव्हीएफच्या उपचारांत पुष्कळदा ॲस्पिरिन किंवा हेपारिन देतात. ज्येष्ठमध फार दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. केस काळे राहावेत आणि 'मूत्रपिंड' बळकट व्हावं म्हणून देतात त्या हशोऊवू या मुळीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. नावाच्या घोटाळ्याने तर १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये अनर्थ झाला. ब्रसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात एका चिनी मुळीच्या जागी जवळच्या नावाची ॲरिस्टोलोकिया जातीची मुळी दिली गेली आणि शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं बिघडली. खरी मूत्रपिंडं, सोनोग्राफीत दिसणारी. तू आजवर घेतलेल्या पुड्यांसाठी यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घे. बहुधा ठीकच येईल.

आणि हे सगळं चिनी औषधांबद्दल बोलून झाल्यावर सासूबाईंच्या चूर्णाला मोकळं सोडलं तर माझं काही खरं नाही. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. सहाही जणी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. दिवस राहण्याच्या तयारीत असलेल्या बाईने बिनलेबलाचं काहीही पोटात घालू नये, ते कोल्हापूरचं असो की चायनाटाउनचं. दोन्ही एकदम तर नाहीच.

तर माझं मत विचारशील तर पुड्या आत्ता थांबव, सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या याच पाळीपासून सुरू कर, आणि सुया हव्या असतील तर सोबत चालू दे. वैद्यांना हे तोंडावर सांगायला संकोच वाटत असेल तर 'डॉक्टरांच्या तपासण्या होईपर्यंत औषध थांबवतेय' एवढं पुरे. समंजस वैद्य अडवणार नाहीत. अडवलं, 'तपासलंत तर माझं औषध लागू पडणार नाही' असं म्हणाले, तर मग तिकडे परत जाऊ नकोस.

परदेशात किंवा पुण्या-मुंबईत एकट्याने बाळंतपण निभावणाऱ्या बाकीच्या मैत्रिणींसाठीही दोन गोष्टी इथेच सांगते, कारण तुझं पत्र वाचून त्या आता केस धुवायला घाबरतील. महिना बसायचा किंवा सव्वा महिना काढायचा त्यात घेण्यासारखं खूप आहे. स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा. रात्रीचं एक पाजणं सोडून बाळ दुसऱ्याकडे असावं, म्हणजे सलग झोप मिळते. गरम, लोहयुक्त, भरपूर खावं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची सरबराई करू नये, आणि हा नियम ज्या कुणा आजीने काढला तिला मी रोज दुवा देते. सोडण्यासारखं: अंघोळ न करणं, पाणी कमी पिणं, खिडक्या बंद करून घामाघूम पडून राहणं. २०१५च्या उन्हाळ्यात शांघायमध्ये महिना बसलेली एक बाळंतीण उष्माघाताने गेली. दिवसभर झोपूनही राहायचं नाही. बाळंतपणानंतर पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो, घरातल्या घरात चालत राहावं. अंगावर दूध पाजत असाल तर तांदळाची दारू घातलेली कोंबडी नको. आणि ताप, तासाभरात पॅड भिजण्याएवढं जाणं, एका पोटरीला सूज, दम लागणं, किंवा बाळाकडे बघून काहीच न वाटणं, यातल्या कशालाही 'वारं लागलं' म्हणून घरी शेकत बसायचं नाही. डॉक्टरांना फोन करायचा.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, जिंकणार नाहीस. मला तर वाटतं, नातवाच्या जन्माला पोचता आलं नाही याची खंत त्यांनाही आहे आणि ती अशी वाकडी बाहेर पडते. 'तेव्हा तुम्ही असतात तर मला किती बरं झालं असतं' हे एकदा म्हणून बघ. सव्वा महिन्याचा विषय त्या फोनवर पुन्हा निघाला तर नवऱ्याच्या हातात फोन दे. त्याची आई आहे.

अजून एक, थोडं अवघड. पत्रात तू पाच ठिकाणी लिहिलंयस की मुलाला भावंड हवं. तुला हवंय का, हे कुठेच नाही. असेलही, गृहीतच धरलं असशील. पण उद्या इंजेक्शनं, फेऱ्या आणि खर्च यांची रांग लागली तर ती तुझ्या शरीरावर लागणार आहे, म्हणून दोघांनी एकदा शांतपणे बसून किती पुढे जायचं ते आधी ठरवा. एकुलती मुलं चांगली वाढतात. आणि नाही, हे मी तुला परावृत्त करायला सांगत नाहीये.

राहता राहिला तुझा नवरा. वैद्यांना थोतांड म्हणून मोकळा झाला. मग विज्ञानाची बाजू घेतलीच आहे तर दोन वर्षांत त्याने स्वतःची एकही तपासणी का केली नाही? 'मला एक मूल झालंय' हे उत्तर मला माझ्या खोलीत फार ऐकायला मिळतं. चार वर्षांत वजन वाढतं, साखर वाढते, वृषणाभोवतीच्या शिरा फुगतात, कामाच्या वेळा बदलतात, आणि जोडप्यांच्या वंध्यत्वात पुरुषाचा वाटा मुळीच किरकोळ नसतो. तुझी एचएसजी होण्याआधी त्याची वीर्यतपासणी व्हायला हवी. ती स्वस्त आहे, दुखत नाही आणि एका सकाळी होते. आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवसांचं अंतर ठेवायचं. नमुना घरून नेणार असाल तर तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, अंगाच्या उबेत, एसीच्या झोतात धरून नाही. पहिला अहवाल वाईट आला तर लगेच धीर सोडायचा नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करायचा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला तापही त्या कागदावर दिसू शकतो.